दिवा आधी मिचकावतो

दिवा आधी मिनिटभर मिचकावतो,
मग एकटक बघत राहतो.
पहिल्यापासून एकटक असेल तर हवा कमी.
मिचकावून मग थांबला, तर हवा असेलही, नसेलही;
हवेची खबर देणारा गेला.
हे मी दिवसातून चारदा समजावतो,
डलूथमध्ये, सरोवराकडे उतरणाऱ्या गल्लीत,
टोइव्होच्या टायरच्या दुकानात.
चारही जण मान डोलावतात
आणि विचारतात, मग हवा किती भरू?

डार्लीन साव्हेलाने तसं विचारलं नाही.
म्हणाली, ऑक्टोबरपासून मिचकावतोय,
ऑगीने त्यावर स्टिकर लावलाय.
खरंच होता. हिरवा डायनासोर,
पोटात पिवळं काहीतरी गिळलेला.

अकरा वर्षांची मिनीव्हॅन.
सीटखाली हॉकीचा पक, सफरचंदाचा वाळका गाभा,
हातमोजे तीन, तिन्ही डावे.
सेन्सरची बॅटरी आतच बुजवलेली असते,
दहाएक वर्षं पुरते, बदलता येत नाही.
ऑगीचं वय विचारणार होतो,
नाही विचारलं.

उजवं मागचं चाक. टोपण फिरेना.
इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात,
पाच महिने, हात सैल सोडून,
आणि मीठ आधी धरतं ते व्हॉल्व्हची मान.
नळी अ‍ॅल्युमिनियमची, आतला खिळा पितळेचा.
दोघांचं मुळात पटत नाही,
खारं पाणी मिळालं की एक दुसऱ्याला कुरतडतो,
आणि कुरतडता कुरतडता असे चिकटतात
की सोडवणाऱ्याच्या हातात
तुकडाच येतो.
मी पक्कड लावली. पाव वळसा.
कट्.
पेन्सिलीचं टोक मोडावं, एवढंच.
मग छत्तीसची हवा एका दमात बाहेर
आणि गाडी खाली बसली,
म्हातारी कुत्री बसते तशी,
मागचा एक पाय आधी.

"तू मोडलंस," ऑगी म्हणाला.
"हो," मी म्हणालो.
ते आधीच मोडलेलं होतं
हे त्याला पटलं नसतं.
मलाही अर्धंच पटतं.

तेवढ्यात फोन. रूबेन, तिचा नवरा,
लोहखनिजाच्या जहाजावर, मार्च ते जानेवारी.
आत्ता ह्यूरॉनवर कुठेतरी, आवाज तुटत होता.
घरी असला की कॉफीच्या आधी
खिशातल्या गेजने चारही चाकं मोजतो
आणि आकडे खडूने गराजच्या भिंतीवर लिहितो.
हे तिने मला मघाशीच सांगितलं होतं,
का कोण जाणे.
"दिवा गेला का?"
एवढं मलाही ऐकू आलं.
डार्लीनने एका कोपऱ्यावर टेकलेल्या गाडीकडे पाहिलं.
"गेला," म्हणाली. "तू जेवलास?"
तिकडून जरा उशिराने, "हो."
मग दोघंही काही बोलले नाहीत.
वाऱ्याचा आवाज येत होता, त्याच्या बाजूने असावा.

"साधी रबरी मान बसव," ती मला म्हणाली.
"सेन्सर नको. ते जानेवारीत बघू."
मी म्हटलं, दिवा मिचकावत राहील.
म्हणाली, डायनासोर आहे ना.

बारा मिनिटांचं काम. टायर उतरवला,
तळाशी सेन्सरचा तुकडा खडखडत होता,
तो ऑगीने मागितला. दिला.
वर एक गेजही दिला,
दुकानाचं नाव छापलेला, फुकट वाटायचा.
तो लगेच गाडीभोवती फिरला,
प्रत्येक चाकाशी उकिडवा बसून,
आकडे डाव्या तळव्यावर पेनने लिहीत.
छत्तीस. छत्तीस. छत्तीस.
"पस्तीस!" तो ओरडला. "इथे एक कमी आहे."
"थंडी आहे," मी म्हणालो. "थंडीत एवढी उतरतेच."

त्याने माझ्याकडे पाहिलं,
तळव्यावरचा आकडा थुंकी लावून पुसला
आणि पुन्हा मोजायला बसला.